ठकीचा टवका

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला, अकरा बायकांसमोर, मी माझ्या वहिनींना चोर ठरवलं. 'चोर' हा शब्द मी उच्चारला नव्हता. नंतर कितीतरी दिवस मी त्याच आधारावर स्वतःची बाजू घेत राहिलो. पण मी जे बोललो त्याचा दुसरा अर्थ निघत नव्हता, आणि तो निघू नये अशाच आवाजात मी बोललो होतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा जाऊन तीन वर्षं झाली. त्यांची मुलगी लग्न होऊन भोपाळला गेली आणि वहिनी हरिशंकरपुरममधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. गौर आमच्याकडे, शहराच्या लष्कर भागातल्या घरी बसते. दादा गेल्यानंतरच्या पहिल्या चैत्रात, गौरीपुढे हळदीकुंकू आता कोण लावणार, असा प्रश्न निघाला होता. शेजारपाजारच्या दोन-तीन म्हाताऱ्या काकूंचं म्हणणं होतं की वहिनींनी आता फक्त स्वयंपाकघर बघावं. माझी बायको कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर वहिनींच्या हातात हळदीकुंकवाचं पंचपाळं दिलं आणि म्हणाली, "दर वर्षी यांनीच लावलंय, या वर्षीही याच लावतील." काकू गप्प बसल्या. पण त्यांची खात्री पटली नव्हती, हे मलाही दिसत होतं. वहिनींची गौरीपुढची जागा तेव्हापासून अशी बायकोनं धरून ठेवलेली होती. मी ती कशी हलवली, तेच इथे लिहितो आहे.

आमच्या गौरीच्या आराशीत एक लाकडी ठकी असते. एका ओंडक्यातून कोरलेली, हातभरही उंच नाही. वाटोळं डोकं, मान जवळजवळ नाहीच, हात वेगळे नाहीत, छातीवर नुसते रंगवलेले. खाली लुगड्याचा घेर रुंद होत जातो, त्यामुळे ती कुठेही ठेवली तरी उभी राहते. चार पिढ्या तरी ती आमच्या घरात आहे. घरात मुलगी जन्मली की तिच्या पहिल्या चैत्रात ठकी तिच्या मांडीवर देतात. ताईच्या, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीच्या, मांडीवर दिली होती, माझ्या मुलीच्याही. आणखी एक रीत अशी, की गौरीला हळदीकुंकू वाहिलं की येणारी प्रत्येक बाई ठकीलाही लावते. ठकीला आंघोळ नसते, असं आई म्हणायची. त्यामुळे तिचं कपाळ, नाक, गाल सगळं कुंकवाच्या आणि तेलाच्या थराखाली गेलेलं होतं. तांबडा-काळा, सालीसारखा थर. मी पन्नाशी ओलांडली तोवर ठकीचे डोळे पाहिले नव्हते. तिला डोळे आहेत असंही कधी मनात आलं नव्हतं.

मी सरकारी कचेरीत, अभिलेखांच्या खोलीत काम करतो. जुन्या कागदांवरची खाडाखोड, मागाहून घातलेला आकडा, बदललेलं पान हे ओळखणं माझं काम. मला ते चांगलं येतं. माझ्या डोळ्यांवर माझा फार भरवसा होता.

होळीनंतर बायको एकदा म्हणाली, "वहिनी ठकी घेऊन गेल्यात हो. गौरीपर्यंत आणतील."

"कशाला?"

"काहीतरी विणायचंय म्हणाल्या. मीही जास्त विचारलं नाही."

वहिनी क्रोशाचं काम फार सुंदर करतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. पण विणायला लाकडाची बाहुली कशाला लागते? हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. विचारला असता तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं. मी विचारला नाही. मी पाहत राहिलो.

आठवड्याभरानं कचेरीतून परतताना फूलबागेजवळ स्कूटर थांबवली, तर आत हिरवळीवर वहिनी चार-पाच बायकांबरोबर बसलेल्या. मांडीवर टॉवेलची गुंडाळी, आणि तिच्यातून ठकीचं डोकं बाहेर आलेलं. एक बाई ते डोकं निरखून बघत होती, दुसरी मोबाईलवर फोटो काढत होती. मी झाडाआड उभा राहिलो. हो, आड उभा राहिलो. आमची वस्तू अनोळखी बायकांना दाखवली जात होती, फोटो निघत होते. फोटो कशासाठी काढतात लोक आजकाल? मला एकच उत्तर सुचलं.

मग एका शनिवारी सराफा बाजारात एका गल्लीच्या तोंडाशी वहिनी दिसल्या, खांद्याला झोळी. त्या गल्लीत जुन्या वस्तूंचं एक दुकान आहे. पितळी दिवे, फुटक्या तसबिरी, कुणाकुणाच्या घरातून निघालेले अडकित्ते. वहिनी गल्लीत शिरल्या आणि वीस मिनिटांनी बाहेर आल्या. झोळी जाताना होती तशीच फुगलेली होती की कमी झाली होती, हे मी घरी येईपर्यंत आठवत बसलो. दोन दिवसांनी मी स्वतः त्या दुकानात गेलो. दुकानदाराला विचारलं, "कोई लकड़ी की गुड़िया आई है क्या? पुरानी?"

"आई तो नहीं," तो म्हणाला, आणि मग डोळे बारीक करून, "आपको बेचनी है?"

त्याच दुकानाला लागून जरी आणि सुती धाग्यांचं दुकान आहे. ते मी पाहिलं होतं. त्याच्याकडे लक्ष दिलं नाही, एवढंच.

चैत्रातल्या दुसऱ्या शुक्रवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. अशा वेळी पुरुष घराबाहेर जातात. मीही गेलो असतो, पण पन्ह्यासाठी बर्फ संपला म्हणून बायकोनं फोन केला. बर्फाची पिशवी घेऊन मी आत आलो. गौर झोपाळ्यात बसलेली, पुढे कलिंगडाचं कमळ, आंब्याची डाळ, मुलीनं मांडलेली खेळणी. मधोमध ठकी. पण तिला चेहरा होता. काळेभोर लांब डोळे, नाकात रंगवलेली नथ, हिरवी चोळी. मी जन्मभर तिची चोळी लाल समजत आलो होतो. ही बाहुली आमच्या ठकीपेक्षा बारीकही वाटत होती.

मी बर्फ खाली ठेवला आणि म्हणालो, "ही आमची ठकी नाही."

शेजारच्या काकू, त्याच तीन वर्षांपूर्वीच्या, त्यांनी विचारलं, "म्हणजे रे?"

"म्हणजे बदलली आहे. आमची कुठे गेली ते वहिनींना विचारा. महिनाभर त्यांच्याकडेच होती."

वहिनींच्या हातात पंचपाळं होतं. त्यांनी ते खाली ठेवलं. "भाऊजी, मी पुसली तिला. हातात घेऊन बघा तरी."

मी घेतली. कागद उलटसुलट करून बघावा तशी उलटी केली. बुडाशी, घेराच्या कडेला, बोटाच्या पेराएवढा टवका उडालेला होता. आतलं लाकूड उघडं दिसत होतं. मला जिंकल्यासारखं वाटलं. "हे बघा. आमच्या ठकीला टवका नव्हता. अखंड होती ती. पुसल्यानं लाकूड तुटतं का?"

वहिनींनी टवक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या तोंडात काहीतरी आलं होतं, ते त्यांनी गिळलं, एवढं मला आज नक्की सांगता येईल. त्या म्हणाल्या, "बरं." चपला घातल्या आणि गेल्या. डाळ त्यांच्या ताटलीत तशीच राहिली.

काकू हळूच शेजारणीला म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं." त्या चार शब्दांनी काय झालं ते मला लगेच कळायला हवं होतं. मी मात्र ठकी टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. पुरावा म्हणून.

बायको त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. मुलगी कॉलेजात शिकते, तिचं मराठी अर्ध्या वाक्यात हिंदीत घसरतं. ती मात्र आपल्या काकूची, म्हणजे वहिनींची, बाजू घेऊन थेट बोलली. "बाबा, हद है! काकूंना असं बोललात तुम्ही? सगळ्यांसमोर?"

"मी जे दिसलं ते बोललो."

"तुम्हाला दिसतं तरी काय?" तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला. "ये देखो. काकूंनी पाठवला होता मला, हळदीकुंकवाच्या आधी."

फोटोत क्रोशानं विणलेली एक बाहुली होती, अर्धी. वाटोळं डोकं, मान नाही, हिरव्या चोळीला सुरुवात. त्याखाली सुई तशीच अडकवलेली. शेजारी लाकडी ठकी, आणि तिच्या अंगाभोवती बोटाबोटाच्या अंतरावर पांढरा धागा गुंडाळलेला.

मुलीनं जे सांगितलं ते असं. वहिनींच्या नातीचा हा पहिला चैत्र. आठ महिन्यांची आहे, दात येतायत, दिसेल ते तोंडात घालते. लाकडी ठकीचा जुना रंग तिच्या पोटात जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी तिच्या आईला ताकीद दिली होती. म्हणून वहिनींनी ठरवलं, हुबेहूब ठकी क्रोशानं विणायची, सुती धाग्याची, आत कापूस भरून. डोक्याच्या टोकापासून सुरुवात, सहा टाके, मग प्रत्येक फेरीला वाढवत जायचं आणि घेराशी पुन्हा वाढवायचं. त्यासाठी प्रत्येक फेरीचं माप मूळ ठकीवर धागा गुंडाळून घ्यावं लागत होतं. पण कुंकवाच्या थरामुळे माप खोटं येत होतं, वर पांढऱ्या धाग्याला ते लाल लागत होतं. म्हणून त्यांनी कोमट तेलाच्या बोळ्यानं आठ दिवस बसून तिला पुसलं. खालून डोळे निघाले तेव्हा त्यांनी फूलबागेतल्या आपल्या विणणाऱ्या मैत्रिणींना दाखवायला नेली होती.

"अक्षय तृतीयेला बाळ येणार आहे. और ठकी आप ने लॉक कर दी," मुलगी म्हणाली. "आता माप कसं घेणार काकू?"

माझं तेव्हाच शरमेनं पाणी पाणी व्हायला हवं होतं. झालं नाही. मी म्हणालो, "विणत असतील. पण टवक्याचं काय?" मला वाटत होतं, खरी ठकी विणकामासाठी नेली, तिथे काहीतरी झालं, आणि मग कुठून तरी दुसरी आणून ठेवली. शंका एकदा अंगात शिरली की तिला नवी वाट सापडतच जाते. पुढचे पाच-सहा दिवस मी कचेरीतून आलो की कपाट उघडून ठकी उजेडात धरायचो, तिच्यात खोट शोधायचो. खिडकीशी डोळ्याला भिंग लावून बसलेल्या मला बायकोनं एकदा पाहिलं आणि ती आत गेली.

मग मला साक्षीदार हवा झाला. ताई इंदूरला असते, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मी तिला फोन लावला. सगळं माझ्या बाजूनं सांगितलं आणि विचारलं, "तुला आठवतं ना, आपली ठकी अखंड होती?"

ताई हसली. "अखंड? अरे वेड्या, बूड तूच तर फोडलं होतंस."

"मी?"

"बाबांनी मेळ्यातून अक्रोड आणले होते. तू पहिलीत असशील. अडकित्ता सापडेना, म्हणून ठकीला डोक्याकडून धरलीस आणि फरशीवर अक्रोड ठेवून घातलीस. टवका उडाला. आई देवळात गेली होती. तू भोकाड पसरलंस, तर दादानं मेणबत्तीचं मेण वितळवलं, त्यात गेरू कालवला आणि खाच भरून टाकली. आईला शेवटपर्यंत माहीत पडलं नाही. आम्हा दोघांना त्यानं शपथ घातली होती." ती थांबली. हसणं पूर्ण गेलं होतं. "थांब. तू वहिनीला काय म्हणालास म्हणालास?"

मी पुन्हा सांगितलं. या वेळी सांगताना आवाज लहान झाला.

"फोन ठेव," ताई म्हणाली. "मला बोलायचं नाही तुझ्याशी."

खरं सांगतो, फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट अशी होती, की वहिनींनी ताईला आधीच फोन केला असेल. दोघींनी ठरवून ही गोष्ट रचली असेल. मी कपाट उघडलं, ठकी घेतली, टाचणीनं टवक्याचा कोपरा खरवडला. आतल्या खोबणीतून एक बारीक गुळगुळीत कण निघाला. बोटावर चोळला तर तो मऊ झाला आणि बोट तांबूस झालं. मेण आणि गेरू. दादानं बोटानं दाबून बसवलेलं. कोमट तेलानं बाकीचं सुटून आलं होतं.

मग मी ठकीला डोक्याकडून धरलं. वाटोळं डोकं तळहातात बरोबर बसलं, हातोडीची मूठ बसावी तसं. फरशीवरचा अक्रोड मला आठवला असं मी म्हणणार नाही. पण हाताला ती पकड अनोळखी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी ठकी घेऊन हरिशंकरपुरमला गेलो. वहिनींनी दार उघडलं, टॉवेल पाहिला, माझा चेहरा पाहिला. "या," म्हणाल्या. पाणी दिलं. खुर्चीवर ती अर्धी बाहुली होती, फोटोत होती तेवढीच. एक फेरीही पुढे सरकली नव्हती.

"ताईनं सांगितलं मला. टवका माझाच आहे," मी म्हणालो. "तुम्हाला माहीत होतं?"

"लग्नानंतर यांनी सांगितलं होतं. हसत हसत. म्हणाले, त्याला कधी बोलून दाखवू नकोस, फार रडला होता."

"मग त्या दिवशी का नाही बोललात? एका वाक्यात मी गप्प झालो असतो."

वहिनींनी टॉवेल सोडून ठकी बाहेर काढली, पदराच्या टोकानं तिचा चेहरा पुसला. "चार बायकांत तुम्हाला खाली बघायला लावून मला काय मिळणार होतं, भाऊजी?"

मी घरून ठरवून आणलेलं वाक्य बोललो. माझं चुकलं, मी उगीच संशय घेतला, असं काहीतरी. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. मग शांतपणे म्हणाल्या, "मी ठकी बदलली नाही, हे मला ठाऊकच आहे. ते मला सांगून काय उपयोग? ज्यांना ठाऊक नाही त्या तर इथे नाहीत."

त्यांनी क्रोशाची सुई हातात घेतली, ठकीभोवती धागा गुंडाळला आणि ओठ हलवत टाके मोजायला लागल्या. मी उठलो. जिना उतरताना, ठकी परत कधी आणाल, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. एवढं होऊनही आला होता. तो मी गिळला, ही त्या दिवसातली माझी एकमेव बरी गोष्ट.

अक्षय तृतीयेला गौर जाते, तेव्हा आमच्याकडे पुन्हा हळदीकुंकू असतं. बोलावणी बायकोच करते. या वेळी मी म्हणालो, मी करतो. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "अकराही घरी जावं लागेल," ती म्हणाली. मी अकराही घरी गेलो. शेजारच्या काकू दारातच म्हणाल्या, "अगं बाई, आता पुरुष बोलावणी करू लागले! पुढच्या वर्षी ओटीही तूच भरशील."

"तुम्ही याच, काकू. नक्की या."

त्या दिवशी वहिनी आल्या, मुलीला आणि नातीला घेऊन. पंचपाळ्याला हात न लावता भिंतीशी बसल्या. त्या नातीसाठी आल्या आहेत, माझ्यासाठी नाही, हे स्पष्ट होतं. गौरीपुढे वहिनींनी परत आणलेली लाकडी ठकी होती. विणलेली ठकी बाळाच्या मांडीवर दिली, तर बाळानं तिचं डोकं लगेच तोंडात घातलं. नथ पिवळ्या धाग्याची, डोळे काळ्या धाग्यानं भरलेले, छातीवर टाक्यांनीच काढलेले हात. माझ्या मुलीनं तिला उलटी करून बघितली. "काकू, इसका तळ तो पूरा है. टवका नाही केला?"

"तुझ्या बाबांचा टवका तिला कशाला?" वहिनी म्हणाल्या. दोघी हसल्या. शेजारच्या काकूंनी कान टवकारले.

मी आत आलो. या वेळी हातात बर्फ नव्हता. बायका पदर सावरून बघू लागल्या. मी गौरीपुढची लाकडी ठकी उचलली, उलटी केली आणि टवका सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"ही आमचीच ठकी आहे," मी म्हणालो. "हा टवका मी पाडला. लहानपणी, अक्रोड फोडताना. दादानं तो मेणानं बुजवला होता, म्हणून आईलाही दिसला नाही. वहिनींना हे ठाऊक होतं, आणि त्या दिवशी मी त्यांना तुमच्यासमोर नको ते बोललो तरी त्यांनी माझं नाव घेतलं नाही. त्यांनी काही बदललं नाही, काही नेलं नाही. मी त्यांच्या पाळतीवर होतो, बाजारात जाऊन चौकशी केली, आणि मग तुम्हा सगळ्यांसमोर खोटं बोललो."

मी पंचपाळं उचललं, भिंतीशी गेलो आणि वहिनींच्या पुढ्यात ठेवलं.

"वहिनी, माझं चुकलं. मला माफ करा."